अंगण खरंच वाकडं असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण सगळ्यात जास्त कुणाला ऐकावी लागत असेल, तर ती हरणाऱ्या टीमच्या कॅप्टनला. ‘पहिल्याच राऊंडला डिफेंडिंग चॅम्पियन समोर आले’, ‘तीन दिवसांत तीन मॅचेस होत्या’, ‘आदल्या दिवशी प्रॅक्टिकल होतं’ असं काही तो बोलायला लागला, की कॅन्टीनमध्ये हशा ठरलेला. जिमखान्यातले सर म्हणतात, कारणं सांगू नकोस. घरचे म्हणतात, तरी सांगत होतो अभ्यास कर. आणि नोटीस बोर्डवर लागतो तो फक्त स्कोअर. कुणाशी खेळलात, कधी खेळलात, किती विश्रांतीनंतर खेळलात, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं साधं आहे. अंगण काही वेळा खरंच वाकडं असतं. तगडी टीम वाकड्या अंगणातही कशीबशी नाचून जाते, पण जी टीम आधीच धडपडतेय तिचा पाय तिथेच मुरगळतो. आणि मुख्य म्हणजे हे अंगण आभाळातून पडलेलं नसतं. कुणीतरी टेबलाशी बसून ते आखलेलं असतं. त्यामुळे ‘तुम्हाला नाचता येत नाही’ म्हणण्याआधी ‘हे अंगण आखलं कुणी?’ हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात महागडं उदाहरण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सापडतं.

शनिवारचा धर्म

आधी एक खुलासा. हा आपला फुटबॉल नाही. हा हेल्मेट आणि शोल्डर पॅड घालून, लंबगोल बॉल हातात धरून, समोरच्याला आडवं करत पुढे जाण्याचा खेळ. एमएस करायला अमेरिकेत गेलेली एखादी ताई किंवा मित्र असेल तर विचारून बघा. ऑगस्टअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत शनिवार म्हणजे काय असतं ते सांगतील. गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं स्टेडियममध्ये, पार्किंग मिळणार नाही, लायब्ररी ओस. ही सगळी गर्दी कॉलेजमधल्या अठरा ते बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना बघायला आलेली असते.

या खेळात एका मोसमात साखळीचे सामने फक्त १२. म्हणजे एकेक सामना सोन्याच्या भावाचा. त्यातले आठ किंवा नऊ सामने कॉलेज ज्या गटात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, आहे त्या गटातल्या टीम्सशी. ते कॉन्फरन्स ठरवून देते. उरलेले तीन-चार सामने कॉलेज स्वतः ठरवतं, आणि तेही अनेकदा कित्येक वर्षं आधी. आज करार करणाऱ्याला त्या दिवशी मैदानात कोण उतरणार हे माहीत नसतं, कारण ती मुलं तेव्हा शाळेत असतात. १२ पैकी सहा सामने जिंकले की मोसमाच्या शेवटी ‘बोल’ सामना, म्हणजे एक जास्तीची मॅच आणि महिनाभराचा जास्तीचा सराव मिळू शकतो. पाच जिंकले तर सहसा सामान आवरायचं.

थोडक्यात, आपल्याकडे सगळ्यांना एकच पेपर असतो. तिथे प्रत्येक टीमचा पेपर वेगळा, आणि निकाल मात्र एकाच यादीत लागतो.

एक टीम, सात आठवडे

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या युनिव्हर्सिटीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२४ मध्ये तिच्या फुटबॉल टीमचं काय झालं ते पाहा. फेब्रुवारीत, म्हणजे मोसम सहा महिन्यांवर असताना, मुख्य कोच चिप केली दुसऱ्या कॉलेजात निघून गेले. त्यांच्या जागी डिशॉन फॉस्टर आले. ते याच कॉलेजचे जुने खेळाडू, पण मुख्य कोच म्हणून पहिलीच वेळ. त्याच वर्षी कॉलेजने जुनी पॅक-१२ कॉन्फरन्स सोडून बिग टेन या बलाढ्य गटात प्रवेश केला. नवा गडी, नवं राज्य.

पहिला सामना ३१ ऑगस्टला. कुठे? हवाईत, समुद्र ओलांडून. तो १६-१३ असा कसाबसा जिंकला. मग इंडियानाकडून ४२-१३ ने हार. पुढच्या आठवड्यात लुईझियानात जाऊन एलएसयूकडून ३४-१७. पुढच्या आठवड्यात घरच्या मैदानावर ओरेगॉनकडून ३४-१३. पुढच्या आठवड्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला पेनसिल्व्हेनियात, पेन स्टेटकडून २७-११. या सामन्यात नेहमीचा क्वार्टरबॅक दुखापतीमुळे उतरूच शकला नाही. मग १२ ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध सामना हातात होता, तो शेवटच्या मिनिटाला निसटला, २१-१७. सहा सामने, एक विजय, पाच पराभव.

यादीत फक्त ‘१-५’ दिसतं. ते बघून कुणीही म्हणेल, टीममध्ये दम नाही. पण यादी बाजूला ठेवून प्रतिस्पर्धी बघा. त्या वर्षी देशभरातल्या फक्त १२ टीम्सना अंतिम प्ले-ऑफमध्ये जागा मिळाली. इंडियाना, ओरेगॉन आणि पेन स्टेट या तिन्ही त्या १२ मध्ये होत्या. ओरेगॉन तर तोपर्यंत एकही सामना हरलेली नव्हती. म्हणजे चार आठवड्यांत देशातल्या सर्वोत्तम डझनभर टीम्सपैकी तिघींशी गाठ, मधे एलएसयूचं मैदान, आणि हे सगळं नव्या कोचच्या पहिल्या दोन महिन्यांत.

पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. मधल्या फळीतले प्रतिस्पर्धी आले आणि हीच टीम लागोपाठ तीन सामने जिंकली : न्यू जर्सीत जाऊन रटगर्सविरुद्ध ३५-३२, नेब्रास्कात २७-२०, घरच्या मैदानावर आयोवाविरुद्ध २०-१७. पोरं तीच, कोच तोच. शेवटी हिशेब झाला पाच विजय, सात पराभव. ‘बोल’साठी सहा लागतात. एक सामना कमी पडला.

तो एक सामना कुठे गेला? मला वाटतं, तो मिनेसोटाविरुद्धच्या शेवटच्या मिनिटात गेला. लागोपाठ चार आठवडे मार खाऊन आलेल्या टीमला शेवटचं मिनिट वेगळं दिसतं. जिंकायची सवय असलेली टीम तेव्हा ‘आता संपवू’ म्हणते. हरायची सवय लागलेली टीम मनात म्हणते, ‘आता पुन्हा तेच होणार का?’

स्कोअरमध्ये न दिसणारं

अवघड शेड्युल टीमला नुसतं हरवत नाही, ते टीमचा आकारच बदलून टाकतं.

पहिलं, शरीर. या खेळात समोर उभा राहणारा माणूस अनेकदा १३५-१४० किलोंचा असतो. बलाढ्य कॉलेजच्या बाकावर बसलेला पोरगाही कमकुवत कॉलेजात पहिल्या अकरात सहज बसेल असा असतो. त्यामुळे मोठी टीम दमली की ताजे पाय आत येतात. छोट्या टीममध्ये तोच पोरगा तिसऱ्या क्वार्टरमध्ये, चौथ्या क्वार्टरमध्ये आणि पुढच्या शनिवारीही. एक जायबंदी झाला, की त्याच्या जागी येणारा कच्चा असतो. तो कच्चा म्हणून पुढचा सामना आणखी अवघड, आणि सामना अवघड म्हणून आणखी एक जायबंदी. पाच आठवड्यांपूर्वीच्या तगड्या प्रतिस्पर्ध्याचं बिल सहाव्या आठवड्यातल्या साध्या प्रतिस्पर्ध्यापुढे भरावं लागतं.

दुसरं, प्रवास. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हे अंतर साधारण चार हजार किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षा जास्त. शिवाय घड्याळ तीन तासांनी पुढे. पूर्वेकडे दुपारी बाराला सामना सुरू होतो, तेव्हा या पोरांच्या शरीरात सकाळचे नऊ वाजलेले असतात. म्हणजे वॉर्म-अप, टेपिंग, नाश्ता हे सगळं त्यांच्या पहाटे. आणि परत आल्यावर सोमवारी लेक्चर आहेच.

तिसरं, अभ्यास. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांवर देखरेख करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा एक नियम आहे. मोसमात खेळासाठी आठवड्याला २० तासांहून जास्त वेळ घ्यायचा नाही. वाचायला छान. पण याच नियमात सामन्याचा दिवस, तो कितीही लांबला तरी, तीनच तास धरायचा असं लिहिलंय, आणि प्रवासाचे तास मोजायचेच नाहीत. म्हणजे लॉस एंजेलिसहून विमानाने हवाईला जाऊन, खेळून, परत या. कागदावर तीन तास. आपल्या डिफॉल्टर लिस्टवाल्यांनाही इतकी भारी आयडिया सुचली नसती!

चौथं, मन. हरणं वाईट नाही, हरण्यातून शिकता येतं, हे सगळे सांगतात. पण शिकायला अंतर शिकण्याजोगं हवं. २-१ ने हरलात तर कुठे चुकलं ते सापडतं. ९-० ने हरलात तर काय सापडणार? सगळंच चुकलं. मग व्हिडिओ बघायचा कशाला? आपसांत बोलणं कमी होतं, एकमेकांवर बोटं उठतात, सरावाला येणारी डोकी घटतात. दहावीच्या पोराला थेट जेईई ॲडव्हान्सचा पेपर दिला आणि शून्य मिळाल्यावर ‘यातून शीक’ म्हटलं, तर तो काय शिकेल? एवढंच, की आपल्याला गणित येत नाही.

आणि पाचवं, माणसांच्या नोकऱ्या. २०२२ मध्ये कोलोरॅडोची टीम पहिले पाच सामने हरली. पाचही पराभव २३ किंवा जास्त गुणांनी. कोच कार्ल डॉरेल यांना २ ऑक्टोबरला नारळ मिळाला. त्या मोसमाची सुरुवात ज्या टीसीयूविरुद्धच्या पराभवाने झाली, ती टीसीयू त्या वर्षी थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेली, हे कोचच्या नावापुढे कुणी लिहून ठेवत नाही. कोलोरॅडोने मोसम संपवला तो १-११ वर, म्हणजे टीम कच्ची होतीच. पण कच्च्या टीमला तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ शेड्युल देत नाही.

मग हे आखतं कोण?

इथे पैसा येतो. यूसीएलएने पश्चिम किनाऱ्यावरचा आपला जुना गट का सोडला? खेळाडूंनी मागणी केली होती म्हणून नक्कीच नाही. ३० जून २०२२ रोजी हा निर्णय जाहीर झाला, आणि त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. दोन तारखा शेजारी ठेवल्या की उत्तर मिळतं. टीव्हीला लॉस एंजेलिसचे प्रेक्षक हवे होते, कॉलेजला टीव्हीचा वाटा हवा होता. चार हजार किलोमीटरच्या फेऱ्या कुणाच्या वाट्याला आल्या, हे सांगायला नको.

छोट्या कॉलेजची कहाणी आणखी थेट आहे. तिथे सामने विकत घेतले जातात. मोठं कॉलेज छोट्याला म्हणतं, आमच्या मैदानावर या, खेळा, आणि हा चेक घेऊन जा. मोठ्याला घरच्या प्रेक्षकांपुढे एक सोपा विजय मिळतो, छोट्याचं खेळ खातं वर्षभर चालतं. २०२४ मध्ये नोत्र दामने नॉर्दर्न इलिनॉयला अशा एका सामन्यासाठी १४ लाख डॉलर दिले. या पैशांतून तिथल्या बाकीच्या, स्वतः पैसा न कमावणाऱ्या खेळांचा खर्च निघतो, हे खरंच. म्हणून सरसकट नावं ठेवता येत नाहीत. पण जे पोरगं त्या दिवशी गुडघा फोडून घेतं, त्याला कुणी विचारलेलं असतं का? १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, हा मोठा बदल. तरी शेड्युल ठरवण्याच्या टेबलाशी खेळाडूची खुर्ची अजून नाहीच.

‘पण जिंकणारे जिंकतातच ना?’

हा आक्षेप येणार, आणि तो पोकळ नाही. वर सांगितलेल्या त्या १४ लाखांच्या सामन्यात काय झालं माहितीये? चेक घ्यायला गेलेली नॉर्दर्न इलिनॉय १६-१४ ने जिंकली! २००७ मध्ये ॲपालाचियन स्टेटने चार लाख डॉलरच्या मानधनावर मिशिगनला जाऊन, देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या त्या टीमला ३४-३२ ने लोळवलं. २०२३ मध्ये आपल्या कॉन्फरन्समधले आठच्या आठ सामने हरलेल्या व्हँडरबिल्टने पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ ने हरवलं, आणि पोरांनी गोलपोस्ट उपटून मिरवत नेऊन नदीत टाकले.

खुद्द यूसीएलएचंच घ्या. २०२५ मध्ये ही टीम पहिले चार सामने हरली. फॉस्टर यांची नोकरी तिसऱ्या पराभवानंतरच गेली. चौथ्या पराभवानंतर समोर सातव्या क्रमांकाची पेन स्टेट. सगळ्यांनी निकाल आधीच लिहून ठेवला होता. यूसीएलए जिंकली, ४२-३७.

मग शेड्युल हे निमित्तच का? नाही. एक तर या कथा आपल्याला पाठ असतात, कारण त्या क्वचित घडतात. दुसरं, वाकडं अंगण मान्य करणं म्हणजे नाच न शिकणं नव्हे. २०२५ मध्ये यूसीएलए घरच्या मैदानावर न्यू मेक्सिकोकडून ३५-१० ने हरली. ते शेड्युलचं पाप नव्हतं, तो वाईट खेळच होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आणि उलटी बाजूही बघा. त्या सामन्यात हरलेल्या पेन स्टेटचा मोसम कसा सुरू झाला होता? नेवाडाविरुद्ध ४६-११, फ्लोरिडा इंटरनॅशनलविरुद्ध ३४-०, व्हिलानोव्हाविरुद्ध ५२-६. तीन मऊ सामने, तीन दणदणीत विजय, सगळीकडे कौतुक. मग ओरेगॉनविरुद्ध जादा वेळेत हार, मग देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यूसीएलएविरुद्ध हार, मग घरी नॉर्थवेस्टर्नविरुद्ध हार. आणि कोच जेम्स फ्रँकलिन घरी. अतिसोपं शेड्युल आपल्या चुका झाकतं, अतिअवघड शेड्युल आपले गुण झाकतं. दोन्हीकडून खरी टीम दिसत नाही.

पायरी पायरीने

मग बरोबर शेड्युल कसलं? याचं उत्तर एका माणसाने तीस-पस्तीस वर्षांपूर्वी करून दाखवलंय. कॅन्सस स्टेट ही टीम तेव्हा देशातल्या सगळ्यात वाईट टीम्समध्ये गणली जायची. १९८७ आणि १९८८ या दोन पूर्ण मोसमांत एकही विजय नाही. १९८९ मध्ये बिल स्नायडर कोच म्हणून आले. त्या वर्षी नॉर्थ टेक्ससविरुद्ध २०-१७ असा एक सामना जिंकला, आणि विजयाविना गेलेल्या ३० सामन्यांची मालिका तुटली. बाकी दहा सामने हरले. पण तो एक जिंकला.

स्नायडर यांनी पुढे जे केलं त्यावर भरपूर टीका झाली. जे सामने स्वतःच्या हातात होते, तिथे त्यांनी मुद्दाम झेपतील असे प्रतिस्पर्धी निवडले. लोक हसले, ‘लिंबूटिंबूंना हरवतात’ म्हणाले. स्नायडर यांचा हिशेब वेगळा होता. कॉन्फरन्समध्ये तगडे प्रतिस्पर्धी येणारच आहेत, त्यापूर्वी पोरांना जिंकणं म्हणजे काय हे अंगाला कळू दे. १९९१ मध्ये सात विजय, १९९३ मध्ये नऊ, आणि १९९८ मध्ये लागोपाठ ११. तिथलं स्टेडियम आज त्यांच्या कुटुंबाच्या नावाने ओळखलं जातं. पोहायला शिकवताना आधी कमरेइतक्या पाण्यात उतरवतात. त्याला कुणी चीटिंग म्हणत नाही.

आपलं अंगण

आता आपल्याकडे या. आपल्याकडे ना टीव्ही, ना सात अब्ज डॉलर. मैदानात चिखल, स्टडला टेप, आणि किटचे पैसे वर्गणीतून. मग आपला याच्याशी संबंध काय?

संबंध असा, की अंगण आपल्याकडेही दुसराच कुणीतरी आखतो, फक्त वाकडेपणाची तऱ्हा निराळी. अमेरिकन पोरांना १२ सामने आणि त्यात अवघड फार. आपल्या बहुतेक कॉलेज टीम्सना मोसमच नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे साधारणपणे नॉकआऊट. ड्रॉ निघतो, एक मॅच होते, हरलात की पुढच्या वर्षी या.

गणित करून बघा. ६४ कॉलेजांची नॉकआऊट स्पर्धा असेल, तर पहिल्या फेरीत ३२ टीम्स बाहेर. म्हणजे निम्म्या कॉलेजांचं वर्ष एका मॅचमध्ये संपलं. दुसऱ्या फेरीत आणखी १६ बाहेर. ६४ पैकी ४८ टीम्स, म्हणजे पाऊण स्पर्धा, दोनपेक्षा जास्त सामने खेळतच नाही. त्यात चिठ्ठीत तगडं कॉलेज निघालं तर दीड तासात वर्ष आटोपलं. जून-जुलैपासून पहाटे उठून सराव केलेल्या पोराला कुणी नीट पाहिलंही नाही. विद्यापीठाच्या टीमची निवड, पुढे स्पोर्ट्स कोटा, या सगळ्याची दारं याच सामन्यांतून उघडतात. ज्याला एकच सामना मिळाला त्याच्यासाठी ते दार किती वेळ उघडं राहिलं? मुलींच्या टीम्सची तर आणखी पंचाईत. आधीच अकरा जणी जमवताना नाकी नऊ येतात, आणि जमल्या तर वाट्याला एक सामना.

आणि जी टीम जिंकत जाते तिचं उलटं. तिला लागोपाठच्या दिवसांत सामने. आंतरविद्यापीठ झोनल स्पर्धेत तर पुढे जाणाऱ्या टीमला अनेकदा रोज उतरावं लागतं. दोन सामन्यांमध्ये किमान ७२ तासांची विश्रांती हवी, असं जगातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंसाठी बोललं जातं. आपल्या पोराला हॉस्टेलच्या हॉलमध्ये गादीवर २० तास मिळाले तरी पुष्कळ. वर इंटर्नल्स, सबमिशन आणि अटेंडन्सचा तगादा. मोठ्या कॉलेजकडे बाकावर सात चांगले पोरगे असतात, ते निभावून नेतात. तालुक्याच्या कॉलेजने तेरा जण कसेबसे नेलेले असतात. तिसऱ्या दिवशी कोण हरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

नॉकआऊटशिवाय काही जमतच नाही, असंही नाही. कोल्हापुरात जाऊन बघा. पेठापेठांच्या तालमींच्या टीम्स शाहू स्टेडियमवर केएसए लीग खेळतात. लीग म्हणजे आज हरलात तरी पुढचा सामना आहे. म्हणूनच तिथे फुटबॉल वर्षभर अंगात भिनलेला असतो. हरलेल्या टीमला पुढचा सामना मिळतो, ही चैन नाही. खेळ वाढायला लागणारं ते खतपाणी आहे.

मग करायचं काय?

विद्यापीठांकडे दोन-तीन साध्या मागण्या करता येतील. पहिली, पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी ‘प्लेट’ गट ठेवा. ६४ च्या स्पर्धेत त्यासाठी फक्त ३१ सामने वाढतील, आणि प्रत्येक कॉलेजला किमान दोन सामन्यांची हमी मिळेल. मैदानं नाहीत म्हणाल, तर प्लेटचे सामने जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आणि कमी वेळाचे ठेवा. दुसरी, कुठल्याही टीमला लागोपाठ दोन दिवसांहून जास्त उतरवायचं नाही, हा नियम लिहून काढा. खर्च वाढेल, मान्य. पण एका फाटलेल्या लिगामेंटचं ऑपरेशन आणि त्यानंतरचे महिने कुठल्या खात्यातून जातात, तेही मग हिशेबात धरा. तिसरी, स्पर्धांच्या तारखा सत्राच्या सुरुवातीला परीक्षांच्या तारखांशेजारी ठेवून जाहीर करा. आणि त्या ठरवताना खेळणाऱ्या दोन-तीन पोरापोरींना खोलीत बसवा.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत कॅप्टन म्हणून तुमच्या हातातही काही आहे. स्पर्धेआधीच्या फ्रेंडली मॅचेस तुम्हीच ठरवता ना? मग तिथे स्नायडर व्हा. एक सामना जिंकू शकाल असा, एक बरोबरीचा, एक तगड्याशी, याच क्रमाने. नुसत्या दादा टीम्सशी खेळून ‘एक्स्पोजर’ मिळत नाही, बऱ्याचदा भीतीच मिळते. स्कोअरशेजारी वहीत आणखी तीन गोष्टी लिहा : किती तासांच्या विश्रांतीनंतर खेळलो, दुसऱ्या हाफमध्ये किती गोल खाल्ले, कितीजण लंगडत बाहेर आले. चार सामन्यांनंतर ती वही उघडा. पहिल्या हाफमध्ये बरोबरी आणि दुसऱ्यात चार गोल, असं वारंवार दिसलं, तर अडचण दमाची किंवा बाकाची आहे, पोरांच्या लायकीची नाही. पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोल पडत असतील, तर मात्र शेड्युलला दोष देऊ नका, डिफेन्स बघा. निमित्त आणि कारण यांत हाच तर फरक आहे. कारण वहीत दाखवता येतं, आणि पुढच्या वर्षी सरांपुढे मागणी घेऊन जाताना तीच वही कामी येते.

आणि आपण जे प्रेक्षक आहोत, कॅन्टीनमध्ये बसून नोटीस बोर्ड वाचणारे, त्यांनी एक करावं. पुढच्या वेळी कॉलेजची टीम हरून आली, की ‘किती गोल खाल्ले?’च्या आधी ‘कुणाशी होती, आणि कितवी मॅच?’ एवढं विचारा. हसायचंच असेल तर उत्तर ऐकून हसा.